बिंदू चौकातला ताळेबंद

कोल्हापुरात एका पुढाऱ्याला दुसऱ्याचं म्हणणं खोटं ठरवायचं असेल, तर तो सरळ म्हणतो, "बिंदू चौकात या." महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे १९५० साली, बाबासाहेबांच्या हयातीतच, ज्या चौकात उभे राहिले, तिथे येऊन चार लोकांसमोर हिशेब मांडायचा, असा त्या आव्हानाचा अर्थ. एप्रिल २०२३ मध्ये कसबा बावड्याच्या राजाराम सहकारी साखर कारखान्याची निवडणूक लागली, तेव्हा पाटील आणि महाडिक गटांची आव्हानं-प्रतिआव्हानं अशीच बिंदू चौकापर्यंत गेली. उसाला दर किती दिला, सभासद कोण आणि किती, कारखान्याचा कारभार कसा, हा वादाचा विषय होता.

या जिल्ह्यातला माणूस हिशेबाला घाबरत नाही. गावच्या विकास सेवा सोसायटीचा अहवाल तो वाचतो. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी तपासतो. दिवाळीच्या तोंडावर दुधाच्या दराचा 'फरक' किती पडणार याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो. साखर कारखान्याच्या किंवा 'गोकुळ' दूध संघाच्या वार्षिक सभेत अहवालाचं पान उघडून एखादा सभासद उभा राहिला, की व्यासपीठावरच्यांना उत्तर शोधावं लागतं. मग हाच माणूस राज्य सरकारच्या ताळेबंदाबद्दल गप्प का राहतो? आकडे लाख कोटींत असतात म्हणून? शून्यं वाढली तरी हिशेबाची रीत बदलत नाही. पुढच्या पानांवर आपण तीच रीत राज्याच्या अर्थसंकल्पाला लावून पाहू. त्यासाठी २०२४ ची विधानसभा निवडणूक घेऊ, कारण त्या निवडणुकीतल्या काही मोठ्या आर्थिक घोषणा कोल्हापुरातच झाल्या.

५ नोव्हेंबर २०२४. अंबाबाईचं दर्शन घेऊन महायुतीने कोल्हापुरातून प्रचाराला सुरुवात केली आणि तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दहा वचनं जाहीर केली. 'लाडकी बहीण' योजनेतल्या महिलांना दरमहा १,५०० ऐवजी २,१०० रुपये. शेतकऱ्यांना कर्जमाफी. शेतकरी सन्मान योजनेत १२ हजारांऐवजी १५ हजार. वृद्धांचं निवृत्तिवेतन २,१००. वीजबिलात ३० टक्के कपात. त्याच दिवशी उद्धव ठाकरे राधानगरीत होते. मुलींप्रमाणे मुलांनाही मोफत शिक्षण देऊ आणि जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर ठेवू, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुंबईत महाविकास आघाडीच्या पाच हमी आल्या. महिलांना दरमहा ३,००० रुपये, तीन लाखांपर्यंत कर्जमाफी, नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार, बेरोजगार तरुणांना दरमहा ४,०००. महिलांच्या योजनेचं नाव होतं 'महालक्ष्मी'. दोन्ही बाजूंना कोल्हापूरच्या देवीचा आशीर्वाद हवा होता. त्या दोन्ही याद्यांमध्ये एक रकाना मात्र रिकामा होता. हा पैसा कोणत्या जमेतून येणार, याबद्दल एक ओळही नव्हती.

आता ताळेबंद उघडू. त्या वर्षी लोकसभेची निवडणूक असल्याने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याचा अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात महसुली तूट ९,७३४ कोटी आणि राजकोषीय तूट ९९,२८८ कोटी रुपये होती. लोकसभेत महायुतीला फटका बसला. कोल्हापूरची जागा काँग्रेसचे शाहू छत्रपती यांनी जिंकली. त्यानंतर २८ जूनला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी पूर्ण अर्थसंकल्प मांडला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना त्यातच जाहीर झाली. वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी. चार महिन्यांपूर्वीची महसुली तूट आता २०,०५१ कोटी झाली आणि राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी. त्यावर दोन आठवडे उलटायच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. वार्षिक सभेत अंदाजपत्रक मंजूर करून घेतलं आणि पंधरा दिवसांत जादा खर्चाला मंजुरी मागितली, असं एखाद्या सोसायटीत घडलं असतं तर सभासदांनी सचिवाला धारेवर धरलं असतं.

या दोन तुटींमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण भाषणांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.

सरकारला करांतून, शुल्कांतून आणि केंद्राकडून जे मिळतं ती महसुली जमा. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं, दरमहाच्या मदती हा महसुली खर्च. जमेपेक्षा हा खर्च जास्त झाला, की महसुली तूट पडते. म्हणजे घरखर्च पगारात भागला नाही. राजकोषीय तूट यापेक्षा मोठी. घरखर्चाची तूट आणि त्यात धरणं, रस्ते, इमारती बांधायला लागणारा पैसा, असं मिळून सरकारला वर्षात जेवढी उसनवारी करावी लागते, तिला राजकोषीय तूट म्हणतात. ही उसनवारी मुख्यतः रिझर्व्ह बँकेमार्फत राज्याचे रोखे लिलावात विकून होते. राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचं जुनं कर्ज अंगावर असेल, तर संविधानाच्या २९३ व्या अनुच्छेदानुसार नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते.

म्हणून राजकोषीय तुटीचा नुसता आकडा ऐकून दचकायचं कारण नाही. उसने पैसे कुठे गेले, हे पाहायला हवं. फेब्रुवारीच्या अंदाजात दर १०० रुपयांच्या उसनवारीतले सुमारे १० रुपये घरखर्चाला जाणार होते. जूनच्या अंदाजात ते १८ झाले. निवडणुकीनंतर, १० मार्च २०२५ रोजी, पुढल्या वर्षाचा अर्थसंकल्प आला. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. म्हणजे १०० मधले जवळजवळ ३४ रुपये. एक दशांश, मग जवळपास एक पंचमांश, मग एक तृतीयांश. अवघ्या तेरा महिन्यांत! माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची आर्थिक बातमी हीच होती. प्रचारात ती जवळपास कोणी सांगितली नाही. विरोधकांना एकूण कर्जाचा मोठा आकडा जास्त सोयीचा वाटला आणि सत्ताधाऱ्यांना टक्केवारी.

त्या दोन युक्तिवादांकडेही पाहू. मार्च २०२५ च्या अंदाजानुसार राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार होतं. विरोधक हा आकडा दरडोई करून सांगतात आणि माणशी ७० हजारांहून अधिक रक्कम ऐकून श्रोता हादरतो. सरकार तेव्हा म्हणत होतं, राज्याचं सकल उत्पन्न ४९ लाख कोटींच्या घरात आहे, कर्ज त्याच्या १८.८७ टक्के, मर्यादा २५ टक्क्यांची. राजकोषीय तूटही ३ टक्क्यांच्या आत, २.७६. दोन्ही बाजू खरं बोलतात. पण दोघांचंही खरं अर्धंच आहे. दरडोई कर्ज सांगताना दरडोई उत्पन्न किती वाढलं ते सांगितलं जात नाही. आणि सकल उत्पन्नाशी तुलना करताना हे विसरलं जातं, की ते उत्पन्न तुमचं-माझं आहे, सरकारचं नाही. इचलकरंजीतल्या मागावर निघणारं कापड, शिरोलीच्या फाउंड्रीतलं ओतकाम, पन्हाळ्याच्या पायथ्याचा ऊस, सगळं त्यात मोजलं जातं. कर्ज फेडायचं ते मात्र सरकारच्या जमेतून. ती त्या वर्षी ५,६०,९६४ कोटी धरली होती. कर्जाला जमेने भागलं तर सुमारे २० महिने येतात. पगार, पोलीस, दवाखाने, शाळा सगळं बंद ठेवून राज्याची पूर्ण जमा २० महिने फेडीला लावली, तर कर्ज फिटेल. सोसायटीकडे कर्ज मागायला गेल्यावर सचिव हेच विचारतो ना? जमिनीची किंमत नव्हे, ऊस किती टन जातो ते. व्याजापोटीच त्या वर्षी ६४ हजार कोटींहून अधिक लागणार होते. दिवसाला १७५ कोटींहून जास्त.

तीन टक्के हा आकडा आला कुठून, हेही जाता जाता पाहू. १९८१ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांना मंत्र्यांच्या मागण्यांना आवर घालायला एक सोपा नियम हवा होता. अर्थखात्यातल्या गी आबेय आणि त्यांच्या सहकाऱ्याने झटपट ३ टक्के ही मर्यादा सुचवली. त्यामागे कोणताही गहन सिद्धांत नव्हता, असं आबेय यांनी पुढे स्वतःच सांगितलं. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात तोच आकडा युरोपभर लागू झाला. आपल्याकडे केंद्राने २००३ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचे कायदे केले. त्यांतही ३ टक्क्यांचीच रेघ आहे. रेघ उपयोगाची आहे. तिच्यामुळे शिस्त राहते. पण '३ टक्क्यांच्या आत आहोत' एवढ्यावर कारभार चांगला ठरत नाही. उचल मर्यादेत घेतली, एवढ्याने ती बांधावर खर्च झाली की लग्नात, हे कळत नाही.

मग धरण बांधलं तर चांगली उसनवारी आणि माणसांवर खर्च केला तर वाईट, असं म्हणायचं का? इथे कोल्हापूरचाच इतिहास आपल्याला थांबवतो. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. संस्थानाला तो खर्च पेलेना, काम अर्ध्यावर थांबलं आणि धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. आज पावसाळ्यात राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, याकडे सगळं शहर कान लावून असतं. या धरणाच्या पाण्यावर तीन-चार पिढ्यांनी ऊस केला. हा भांडवली खर्च. त्याच शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यासाठी खजिन्यातून पैसा काढला. मास्तरांचे पगार आजच्या अर्थसंकल्पाच्या भाषेत महसुली खर्चात मोडतात. त्या शाळांनी या जिल्ह्याला काय दिलं, याची किंमत धरणापेक्षा कमी आहे असं कोण म्हणेल?

म्हणून मी लाडकी बहीण योजनेला 'रेवडी' म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभा नाही. साखर कारखान्याच्या कर्जाला शासनाने हमी दिली, की ते सहकाराला पाठबळ. यंत्रमागाला वीज सवलत दिली, की ते उद्योगाला प्रोत्साहन. आणि भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या खात्यात १,५०० रुपये गेले, की ती खैरात! हा न्याय मला पटत नाही. स्वतःच्या नावाच्या खात्यावर, कुणाला न विचारता काढता येणारे पैसे अनेक बायकांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाले. दूध घालते ती, पण बिलाचा चेक निघतो नवऱ्याच्या नावाचा, हे या जिल्ह्यात अजून सगळीकडे संपलेलं नाही. निकालात त्याचं उत्तर दिसलं. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या दहापैकी चार जागा एकट्या काँग्रेसकडे होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाविकास आघाडीला एकही मिळाली नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. दरमहाचं देणं दरमहाच्या जमेतून द्यावं. शाहूंच्या शाळा उसनवारीवर चालल्या असत्या तर त्याही धरणासारख्या मध्येच थांबल्या असत्या. ४६ हजार कोटींना वर्षाच्या १८ हजारांनी भागलं, तर साधारण अडीच कोटी महिला येतात. तेवढ्याच महिलांना २,१०० द्यायचे तर ६४ हजार कोटी लागतात, ३,००० द्यायचे तर ९२ हजार कोटी. हे गणित कागद-पेन्सिलीने होतं. २०२४-२५ ची महसुली जमा ४,९९,४६३ कोटी धरली होती, म्हणजे ९२ हजार कोटी तिच्या १८ टक्क्यांहून जास्त. हे द्यायचं असेल तर कोणता कर वाढवणार किंवा कोणता खर्च कमी करणार, हे सांगायला हवं होतं. कुणीच सांगितलं नाही. मग उत्तर निवडणुकीनंतर आपोआप आलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० रुपयांची तरतूद नव्हती, कर्जमाफीचीही नव्हती. योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. त्यानंतर पडताळणी सुरू झाली आणि २६ लाखांहून अधिक महिलांचा लाभ थांबवला गेला. त्यात खरोखर अपात्र असतीलही. पण ही चाळणी मतदानाआधी का लावली नाही, हा प्रश्न उरतोच.

कर्जमाफीच्या बाबतीत तर कोल्हापूरचा अनुभव राज्यापेक्षा वेगळा आहे. इथे उसाचं बिल कारखान्यातून निघतानाच सोसायटीची वसुली कापली जाते. त्यामुळे थकबाकीदार कमी, नियमित फेडणारे जास्त. थकबाकी माफ करणारी कोणतीही योजना आली, की इथला शेतकरी विचारतो, "आम्ही वेळेत भरलं, ही आमची चूक झाली का?" २०१७ च्या कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्यांना जास्तीत जास्त २५ हजार मिळाले. पुढे ५० हजारांचं प्रोत्साहनपर अनुदान जाहीर झालं ते २०२० च्या अर्थसंकल्पात. पैसे खात्यावर जमा होऊ लागले २०२२ मध्ये. मधल्या काळात सरकारही बदललं होतं. २०१७ ची योजना ३४,०२२ कोटींची म्हणून जाहीर झाली होती, प्रत्यक्षात खर्च त्याहून खूपच कमी झाला. घोषणेचा आकडा आणि खर्ची पडलेला आकडा हे दोन वेगळे रकाने आहेत, हे लक्षात ठेवावं.

आणि २००८ ची केंद्राची कर्जमाफी तर इथे कोणी विसरणार नाही. माफी मिळाली, सात-बारावरचा बोजा उतरला, घरात पेढे वाटून झाले. मग तपासणी आली. कमाल मर्यादा (क.म.) पत्रकात मंजूर असलेल्या रकमेपेक्षा जास्त कर्ज घेतलं होतं, म्हणून सुमारे ११२ कोटींची माफी नाबार्डने अपात्र ठरवली. जिल्हा बँकेकडून रक्कम परत गेली आणि हजारो शेतकऱ्यांच्या नावावर माफ झालेलं कर्ज पुन्हा चढलं. प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात फिरत राहिलं. सरकारने दिलेलं सरकारच परत मागू शकतं, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे.

अर्थसंकल्पाच्या बाहेरच राहणारे खर्चही असतात. आर्थिक कामगिरीवरच्या वादात ते हमखास निसटतात. इथेही कोल्हापूरनेच राज्याला धडा दिला. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीने एका खासगी कंपनीला दिले गेले. प्रकल्प २२० कोटींचा, टोल ३० वर्षांचा. त्या वेळी ना महापालिकेच्या ताळेबंदात मोठं कर्ज दिसलं, ना राज्याच्या तुटीत. रस्ते फुकटात झाल्यासारखे वाटले. मग टोलनाके उभे राहिले आणि शहर पेटलं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा वयोवृद्ध नेता रस्त्यावर उतरला, सगळ्या पक्षांची कृती समिती झाली, मोर्चांनी शहर भरून गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. लढा न्याय्य होता, असंच माझं मत आहे. पण कंपनीचं देणं नाहीसं झालं नाही. ते भागवण्याची जबाबदारी शासनाने घेतली, म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा रस्ता कधी पाहिलाही नाही अशा गडचिरोलीच्या माणसाच्या करातूनही. ज्या दिवशी करार झाला त्याच दिवशी हे देणं जन्माला आलं होतं. दिसायला मात्र वेळ लागला.

शक्तिपीठ महामार्गाकडे याच नजरेने पाहावं लागतं. नागपूर ते गोवा, २०२५ च्या आराखड्यानुसार ८०२ किलोमीटर, ८६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा. बागायती जमिनी जाणार म्हणून कागल, करवीर, शिरोळमधले शेतकरी उभे राहिले, आणि विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातलं भूसंपादन रद्द केल्याची अधिसूचना निघाली. निवडणूक झाली आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन व नियोजनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली. असे प्रकल्प महामंडळाच्या नावावर कर्ज काढून होतात, राज्य हमी देतं. महामंडळाचा टोल पुरला नाही, तर हमीदाराच्या दारात कोण येणार? सोसायटीला जामीन राहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

ठेकेदारांची थकलेली बिलंही अशीच. रस्ता झाला, उद्घाटन झालं, फलक लागला, बिल मात्र पुढल्या वर्षात ढकललं. हिशेब रोखीवर चालत असल्याने न दिलेलं बिल त्या वर्षीच्या तुटीत दिसतच नाही. तूट कमी दिसते ती ठेकेदाराच्या, त्याच्याकडच्या मुकादमाच्या आणि डंपरवाल्याच्या खिशातून. २०२५ मध्ये ठेकेदार संघटना हजारो कोटींच्या थकबाकीसाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ही छुपी उसनवारी लोकांसमोर आली.

अर्थखातं दर वर्षी 'अर्थसंकल्प संक्षेपात' नावाचं पुस्तक काढतं. ते मराठीत असतं. राज्याच्या संकेतस्थळावर ते कोणालाही उघडता येतं आणि सोसायटीच्या अहवालापेक्षा फार अवघड नाही. महसुली जमा, महसुली खर्च, महसुली तूट, राजकोषीय तूट, व्याज हे पाच आकडे वेगळे काढले आणि मागल्या वर्षाचे त्यांच्या शेजारी लिहिले, तरी कोणत्याही प्रचारसभेत उभं राहायला पुरतात. उमेदवार गावात येईल, तेव्हा वार्षिक सभेत विचारतो तसंच विचारायचं. साहेब, खर्चाची बाजू तुम्ही वाचून दाखवलीत, ती ऐकली. आता जमेचं पान काढा.